जिनिंगची तपासणी मोबाईलवर चढवताना

हिंगणघाटकडून आत फुटलेल्या एका रस्त्यावरच्या जिनिंगात, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, मी नऊ हंगाम संगणकावर बसले. काटापट्टी काढायची, गाठींचे नंबर चढवायचे आणि संध्याकाळी पाच वह्या एकावर एक रचून शेठजींच्या टेबलावर ठेवायच्या. ओलाव्याची वही, आगीच्या फेरीची वही, रेच्यांची (सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांची), गाठींची आणि काट्याची. पाचही वह्या रोज भरल्या जायच्या. वाचत कोणी नव्हतं.

एका ऑक्टोबरात परतीचा पाऊस येऊन गेला. ओलाव्याच्या वहीत सलग चौदा गाड्यांपुढे १३, १४, १३.५ असे टक्क्यांतले आकडे पडले आणि तो सगळा कापूस आदल्या दिवशीच्या कोरड्या गंजीवर रिकामा झाला. आकडे खरे होते, लिहिणारा पोरगाही चुकला नव्हता. मुकादम यार्डात, वही फाटकावर. तिसऱ्या दिवशी गंजीत हात घातला तर आत ऊब.

मोबाईलवरचं तपासणी ॲप घ्यायचं ते यासाठी, की फाटकावरचा आकडा यार्डातल्या मुकादमापर्यंत लगेच पोचावा. वही चकचकीत करायची म्हणून घेणार असाल तर वहीच बरी, ती चार्ज करावी लागत नाही.

बाजारात अशी ॲपं बरीच आहेत. सेफ्टीकल्चर (जुनं नाव आयऑडिटर) हे त्यातलं जास्त वापरलं जाणारं. कुठलंही घेतलं तरी आतले भाग साधारण तेच असतात. टेम्प्लेट म्हणजे प्रश्नांचा साचा. लॉजिक म्हणजे अमुक उत्तर आलं तर पुढे काय. ॲक्शन म्हणजे एखाद्याच्या नावावर टाकलेलं काम, नोटिफिकेशन म्हणजे निरोप आणि शेड्यूल म्हणजे ठरलेल्या वेळेची आठवण. बहुतेक बटणं इंग्रजीत असतात, पण प्रश्न आणि उत्तरं तुम्ही मराठीत टाइप करू शकता आणि तसंच करा. मोफत योजनेत किती माणसं आणि किती टेम्प्लेट बसतात ते मात्र आधी वाचून घ्या, त्या मर्यादा बदलत राहतात.

पहिल्या दिवशी ॲप उघडू नका

कोरा कागद घ्या आणि एकच तपासणी निवडा. पाचही वह्या एकदम चढवायचा मोह होतो, मलाही झाला होता, दहा दिवसांत सगळं गुंडाळावं लागलं. मी आता प्रत्येकाला फाटकावरच्या ओलाव्यापासून सुरुवात करायला सांगते, कारण तिथे उत्तर आकड्यात येतं आणि काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं.

कागदावर एक जर-तर वाक्य लिहा. आमचं असं होतं:

जर गाडीचा ओलावा १२ च्या वर आला, तर यार्डाच्या मुकादमाने १५ मिनिटांच्या आत ती गाडी गंजीवर न सोडता बाजूच्या ओट्यावर लावायची आणि ओट्यावरच्या गाडीचा फोटो टाकून काम बंद करायचं.

या वाक्यात पाच गोष्टी आहेत: काय घडलं, कोणी करायचं, काय करायचं, किती वेळात आणि झालं हे कशावरून कळेल. एकही जागा रिकामी असेल तर नियम तयार नाही असं समजा. सगळ्यात जास्त भानगड ‘कोणी’ पाशी होते. तिथे ‘ऑफिस’ किंवा ‘यार्ड’ असं लिहून चालत नाही. ऑफिसला हात नसतात. माणूस लिहा, आणि तो लग्नाला गेला तर त्याच्या जागी कोण, तेही शेजारीच लिहून ठेवा.

१२ हा आकडा कुठून आला, असं नवखे विचारतात. भारतीय कापूस निगम हमीभावाने कापूस घेतं तेव्हा ८ टक्के ओलावा आधार धरतं. त्यावर १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात करून माल घेतं आणि १२ च्या पुढचा घेत नाही. खाजगी जिनिंगवाला आपली मर्यादा आपण ठरवतो. पण ओला कापूस रेच्यात गेला की रूळ चोंदतात, रुई पिवळी पडते, हे खरेदी कोणाचीही असो, बदलत नाही.

साचा भरताना

प्रश्न विचारताना मत विचारू नका, जे दिसलं ते विचारा. ‘ओलावा बरोबर आहे का?’ याला फाटकावरचा पोरगा दिवसभर ‘हो’ दाबत राहील. ‘ओलावा किती?’ असं विचारा आणि उत्तराचा प्रकार आकडा ठेवा, मजकूर नको. मजकूर ठेवला की कोणी ‘१३’ लिहितं, कोणी ‘तेरा’, कोणी ‘१३ टक्के आहे पण चालून जाईल’. पुढचं लॉजिक आकड्यावरच चालतं, म्हणून इथे ढिलाई केली तर बाकीची मेहनत पाण्यात.

फाटकाच्या साच्यात आम्ही पाचच प्रश्न ठेवले. गाडीचा नंबर, ओलावा किती, कापसात प्लास्टिकची सुतळी किंवा पोत्याचे धागे दिसले का, दगड-लोखंड दिसलं का, आणि मोजणाऱ्याचं नाव. पहिला मसुदा बावीस प्रश्नांचा होता. तो पोरगा टपरीवर बसून चाळीस सेकंदांत भरायचा, हे मला सुरू होण्याच्या आणि संपण्याच्या वेळा पाहून कळलं. त्याला मी बोलले नाही. मागे ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना बावीस प्रश्न कोण वाचेल? चूक साच्याची होती.

मोजायची पद्धत प्रश्नाखालीच लिहा. ‘मीटर वरच्या थरात खुपसू नका. तीन जागी, हात कोपरापर्यंत आत जाईल इतकं खोल मोजा. सर्वात मोठा आकडा भरा.’ सकाळी दवात वेचलेला कापूस गाडीच्या तळाशी असतो आणि वर दुपारचा कोरडा, त्यामुळे वरवर मोजलं की १० दिसतात आणि खाली १४ निघतात.

आणखी एक गोष्ट, ती मला कोणी सांगितली नव्हती. भावाची कपात या फॉर्ममध्ये आणू नका. ज्या आकड्यावर शेतकऱ्याचे पैसे ठरतात त्याच आकड्यावर गाडी बाजूला लावायची की नाही हे ठरू लागलं, की आकडा वाकतो. ओळखीचा कास्तकार असला की ग्रेडर, म्हणजे मालाचा दर्जा ठरवणारा, १२.५ चे १२ करतो. त्याचा हेतू चांगलाच असतो, पण गंजीत ओला माल जातो. भावाचा ओलावा ग्रेडरने त्याच्या पद्धतीने, तीन आकड्यांची सरासरी काढून, वेगळ्या पट्टीवर लिहावा. फाटकावरचा आकडा फक्त गाडी कुठे लावायची यासाठी आहे, हे सगळ्यांना सांगून टाका. त्यानंतर आकडे बरेच खरे यायला लागले.

लॉजिक आणि ॲक्शन

आता कागदावरचं वाक्य ॲपमध्ये घाला. सेफ्टीकल्चरमध्ये टेम्प्लेट संपादनात प्रश्नाखाली लॉजिक जोडायची सोय असते. उत्तर अमुक आकड्यापेक्षा जास्त असेल तर आणखी प्रश्न विचारणं, फोटो किंवा टीप सक्तीची करणं, ॲक्शन सक्तीची करणं, किंवा कोणाला निरोप पाठवणं, यातलं काय हवं ते तुम्ही निवडता. दुसऱ्या ॲपांत नावं वेगळी असतील, काम हेच.

आमच्याकडे तीन पट्टे आहेत. ८ पर्यंत काहीच नाही. ८ च्या वर ते १२ पर्यंत एक जादा प्रश्न: कोणत्या गंजीवर लावली? १२ च्या वर मीटरचा फोटो सक्तीचा आणि मुकादमाच्या नावावर ॲक्शन. इथे सीमेचा आकडा नीट पाहा. एका पट्ट्यात ‘१२ पेक्षा कमी’ आणि दुसऱ्यात ‘१२ पेक्षा जास्त’ असं टाकलं, तर नेमके १२ आलेली गाडी दोन्हींतून सुटते. असं एकदा झालंय. मीटर दशांशात दाखवत असेल तर साच्यातही दशांश चालू द्या, नाहीतर पोरगा १२.४ चे १२ करून मोकळा.

ॲक्शनमध्ये माणूस एकच ठेवा. तिघांच्या नावावर टाकलेलं काम तिघंही दुसऱ्यानं केलं असेल म्हणून सोडतात. मुदत १५ मिनिटं म्हटली तर १५ मिनिटंच टाका. ‘आज’ असं टाकलं तर संध्याकाळी साडेसहाला सगळी कामं एकदम ‘झाली’ होतात. बंद करताना फोटो मागा, तो ओट्यावरच्या गाडीचा.

आगीच्या फेरीला जास्त वेळ द्या

ओलावा बसला की मग आगीच्या फेरीकडे वळा. जिनिंगात आग लागते ती बहुतेक अगदी साध्या कारणांनी. कापसातून आलेला दगड किंवा खिळा रेच्यात घासतो आणि ठिणगी पडते. बेअरिंग तापतं. वायरिंगवर कापसाची धूळ साचते. कोणीतरी गंजीमागे बिडी ओढतो. रात्रपाळीच्या चौकीदारकाकांना मी पहिल्यांदा साचा दाखवला तेव्हा ते म्हणाले, ‘‘ताई, तुमचा मोबाईल आग दिसली का म्हणून इचारते. दिसली तर म्या मोबाईल धरीन का बादली?’’

काकांचं बरोबर होतं. आग दिसल्यावर फॉर्म भरायचा नसतो, ओरडायचं असतं. मी तो प्रश्न काढून टाकला. फेरीचा साचा आग लागण्याआधीच्या खुणांसाठी ठेवा: बेअरिंगला हात लावून तापलंय का, पॅनेलवर धूळ बसली का, पाण्याची टाकी किती भरली आहे, वाळूच्या बादल्या जागेवर आहेत का, अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्यात आहे का, दोन गंज्यांमधली वाट मोकळी आहे का. टाकी अर्ध्याच्या खाली असेल तर पंपवाल्याच्या नावावर ॲक्शन, अर्ध्या तासाची. बेअरिंग तापलं असेल तर फिटरला, आणि इथे निरोपासोबत फोनही.

सगळ्यात कामाचा नियम ठिणगीचा. रेच्यात ठिणगी दिसली, मशीन थांबवलं, विझवलं, पुन्हा सुरू केलं, असं हंगामात होत राहतं आणि लोक विसरून जातात. पण निखाऱ्याचा एखादा कण रुईसोबत पुढे जाऊन गाठीत दाबला गेलेला असू शकतो. दाबलेल्या गाठीत हवा कमी, म्हणून तो विझत नाही आणि भडकतही नाही, आतल्या आत धुमसतो. काकांच्या भाषेत, ‘‘इस्तो आत दडून रायते.’’ १७० किलोची गाठ गोदामात शंभर गाठींच्या मध्ये रचली गेल्यावर तो बाहेर येतो.

म्हणून ‘ठिणगी दिसली’ या उत्तरावर आम्ही तीन गोष्टी बांधल्या. वेळ लिहिणं सक्तीचं. प्रेसवाल्याच्या नावावर ॲक्शन: त्या वेळेनंतर दाबलेल्या गाठींचे नंबर लिही आणि त्या गोदामात न नेता बाहेर मोकळ्यावर, एकमेकींपासून लांब ठेव. आणि त्या गाठींसाठी दिवसातून दोनदा, काही दिवसांची वेगळी छोटी तपासणी: वास येतो का, पट्टीला हात लावल्यावर गरम लागते का. ही शेवटची तपासणी आमच्या योजनेत आपोआप सुरू होत नव्हती, मी हातानेच शेड्यूल लावायचे. सगळंच आपोआप व्हायला हवं असा हट्ट धरू नका.

फेरीची वेळ ठरवताना शेड्यूलमध्ये थोडी ढील ठेवा. ‘रात्री १२ वाजता’ असं न टाकता १२ ते १२.४५ अशी खिडकी द्या. खिडकी संपूनही फेरी झाली नाही, तर चुकलेल्या फेऱ्यांच्या यादीत ती दिसते, आणि सकाळी मी सर्वांत आधी तीच यादी उघडायचे. लाइन गेली तर रेचे थांबतात, पण फेरी थांबत नाही. लाइन परत येते तेव्हाच वायरिंगकडे जास्त बघावं लागतं.

निरोप कोणाला

पहिल्या आठवड्यात मी सगळे निरोप सगळ्यांना लावले होते. शेठजी खूश, कारण घरबसल्या सगळं कळत होतं. चौथ्या दिवशी त्यांचा फोन दिवसात साठ वेळा वाजला आणि पाचव्या दिवशी त्यांनी ॲपचा आवाज बंद केला. त्याच आठवड्यात टाकी रिकामी असल्याचा निरोप आला तो कोणीच पाहिला नाही. मोटर जळाली होती. सुदैवाने त्या रात्री पाण्याची गरज पडली नाही.

त्यानंतरचा हिशेब सोपा ठेवला. ज्याला काही करायचं आहे त्यालाच निरोप. शेठजींना फक्त दोन प्रसंगी: मुदत उलटूनही ॲक्शन बंद झाली नाही तेव्हा, आणि ठिणगी. बाकीचं त्यांना रविवारी एका पानात. एखाद्या माणसाला दिवसात सात-आठपेक्षा जास्त निरोप जायला लागले तर तुमचा नियम चुकीचा आहे किंवा खरोखर काहीतरी मोडलंय. दोन्ही वेळा साच्याकडे नाही, आधी जागेवर जाऊन बघा.

टॉवर नसेल तेव्हा

आमच्या पत्र्याच्या शेडमागे नेटवर्क येत नाही. बऱ्याच तपासणी ॲपांत नेटशिवाय फॉर्म भरता येतो, फोनमध्ये तो साठतो आणि नेट आलं की वर जातो. सोय चांगली आहे, पण निरोपही तेव्हाच जातो. १४ ओलाव्याच्या गाडीचा निरोप मुकादमाला एकदा रात्री नऊला मिळाला, तो घरी जेवत होता.

यावर तीन उपाय केले. टेम्प्लेट आधीच फोनमध्ये उतरवून ठेवायचे, सकाळी ऑफिसच्या वायफायवर. फाटकावरचं टेबल तीस पावलं पुढे, टॉवर पकडतो तिथे सरकवलं. आणि १२ च्या वरच्या पट्ट्यात एक ओळ लाल अक्षरात टाकली: ‘मुकादमाला आत्ता आवाज द्या.’ काही ॲपांत निरोप उत्तर देताच पाठवायचा की तपासणी पूर्ण झाल्यावर, हे निवडता येतं. ओलाव्यासाठी लगेचचा पर्याय घ्या, कारण पोरगा अर्धा फॉर्म उघडा ठेवून दुसऱ्या गाडीकडे पळतो.

खोटी गाडी काढून बघा

सुरू करण्याआधी एक सकाळ चाचणीला द्या. गाडीच्या नंबरात ‘चाचणी’ लिहा आणि मुद्दाम ७, ८, १०, १२, १२.१ आणि १५ असे आकडे टाका. प्रत्येक वेळी मुकादमाच्या फोनशेजारी उभं राहून बघा, काय आलं, किती वेळात, मराठी अक्षरं नीट दिसली का. मग एक ॲक्शन मुद्दाम उघडी ठेवा आणि मुदत उलटल्यावर शेठजींना कळतं का ते पाहा. नंतर चाचणीच्या नोंदी काढून टाका, नाहीतर महिन्याच्या हिशेबात १५ ओलाव्याची भुताची गाडी दिसते.

पंधरा दिवस वही आणि ॲप दोन्ही चालवा. लोक कुरकुरतात, ‘काऊन दोनदा लिवा लागते?’ म्हणतात. पण दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यावरच कळतं कुठल्या गाड्या ॲपमधून सुटल्या. साच्यात दुरुस्ती केली तर ती प्रकाशित करायला विसरू नका, आणि फाटकावरचा फोन एकदा नेटवर आणून नवा साचा उतरला का तपासा.

पैसे घालायचे नसतील तर

गूगल फॉर्मवरही बरंच भागतं. फॉर्ममध्ये ओलाव्याच्या प्रश्नाला आकड्याचं बंधन घाला, फॉर्म गूगल शीटला जोडा. शीटच्या एक्स्टेन्शन्स मेनूतून ॲप्स स्क्रिप्ट उघडून छोटा कोड लिहा, की आकडा १२ च्या वर असेल तर अमुक पत्त्यावर ईमेल जावा. डावीकडच्या घड्याळाच्या चिन्हातून ट्रिगर (कोड आपोआप कधी चालायचा ते) लावा, ‘फॉर्म सबमिट झाल्यावर’ असा. कोड येत नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी शिकणारं एखादं पोर तासाभरात करून देतं.

याच्या अडचणी आधीच समजून घ्या. गूगल फॉर्म नेटशिवाय चालत नाही. साध्या खात्यावरून स्क्रिप्टने दिवसाला १०० जणांनाच ईमेल जातात, आपल्याला ते पुरतात. फोटो मागितला तर भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन असावं लागतं. व्हॉट्सॲपवर निरोप थेट जात नाही, त्यासाठी वेगळी, पैशांची सेवा लागते. आणि कोड प्रश्नाच्या शीर्षकावरून उत्तर शोधत असेल, तर नंतर कोणी ‘ओलावा किती?’ चं ‘ओलावा (टक्के)’ केलं की निरोप गुपचूप बंद पडतात. शीर्षकाला हात लावायचा नाही अशी चिठ्ठी मी संगणकावर चिकटवली होती.

कोणताही मार्ग घ्या, फॉर्ममध्ये शेतकऱ्याचा आधार नंबर किंवा बँक खातं मागू नका. ओलावा मोजायला त्याची गरज नाही, आणि फाटकावरचा फोन दहा हातांत फिरतो.

हंगाम संपला की एप्रिलमध्ये सगळी शेड्यूल थांबवून ठेवा. मी पहिल्या वर्षी विसरले. मेच्या उन्हात, यार्डात गंजी नाही, रेचे बंद, आणि काकांचा फोन दर रात्री विचारत होता, दोन गंज्यांमधली वाट मोकळी आहे का. काका इमानदारीने ‘हो’ भरत होते. सप्टेंबरअखेर शेड्यूल पुन्हा सुरू करताना प्रत्येक ॲक्शनपुढचं नाव तपासा. मुकादम दिवाळीआधी बदलतात, आणि जुन्याच्या फोनवर निरोप जात राहिले तर पहिल्या ओल्या गाडीलाच ते कळेल.